काळ्या विटेची जागा

मल्लिनाथ, काल तुझी शोकसभा झाली. घरी आलो आणि आधी मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली. तोंड नुसतं कडू झालं होतं. बायकोनं विचारलं, "काय खाल्लं म्हणायचं तितं?" म्हटलं, खाल्लं काही नाही, ऐकून आलोय.

तू असतास तर म्हणाला असतास, "सुम्म कूड की, दत्तू." गप बस. कानडीतून सांगितलं की मला राग येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तू मैंदर्गीचा, मी टेंभुर्णीचा. दोघं एकदमच सोलापुरात फिजिक्स शिकवायला आलो, एका खोलीत राहिलो, एकाच डब्यातली शेंगाचटणी खाल्ली, आणि तेव्हापासून तू मला गप बसवत आलास. आता गप बसवणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा ऐक.

शांतता पाळायला सगळे उभे राहिले. आपले विभागप्रमुख साहेब डोळे मिटून उभे होते. मधेच त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. मला दिसलं, कारण मी डोळे मिटलेच नव्हते. ज्या गृहस्थानं तुझं नाव 'भिंतसर' पाडलं, स्टाफरूममध्ये तुझ्या नकला करून फुकटचा चहा मिळवला, तो माइकवर गहिवरला. असा माणूस पुन्हा होणे नाही, म्हणाला. शिसारी आली बघ. तू जिता होतास तेव्हा हा बाबा तुला बघून जिना बदलायचा, कारण तू त्याला अंगठी काढायला लावायचास.

मग साहेब उठले. पुढच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, शेजारी पटका बांधलेले तुझे वडील. साहेबांनीच गाडी पाठवून आणवलं होतं त्यांना. साहेब म्हणाले, "एका क्षणाच्या हलगर्जीपणाची किंमत मल्लिनाथरावांनी स्वतःच्या डोळ्याने चुकवली, पण विज्ञानावरची निष्ठा सोडली नाही." किती गोड आवाजात म्हणाले, सांगू. आणि वहिनींनी मान हलवली. होय, असंच झालं होतं, अशी. तूच तर त्यांना तसं सांगून ठेवलं होतंस.

हलगर्जीपणा म्हणे, आणि तोही तुझा.

ते यंत्र विभागात आलं तो दिवस तुला आठवत असेल. मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं वापरून बाजूला टाकलेलं, लाकडी खोक्यात गवताच्या पेंढ्यात बसवून आलेलं. लेसर हा शब्द तोवर आपण मासिकात वाचला होता. आत बोटाएवढी माणकाची कांडी, तिच्याभोवती दिवा. बटन दाबलं की फाट् असा आवाज व्हायचा आणि लाल झोत निघायचा, दिसला म्हणेपर्यंत गेलेला. त्यानं दाढीच्या ब्लेडला भोक पडलेलं साहेबांनी बघितलं मात्र, त्यांना लगेच पाहुणे, हार आणि पेपरातला फोटो दिसायला लागला. तू ते ब्लेड उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत बसलास. "पोलादाला भोक पडतंय, दत्तू," म्हणालास, "बुबुळाचं काय हुईल?"

साहेबांनी तुला लेसर सुरक्षा अधिकारी केलं. त्या पदाला ना खुर्ची ना शिपाई. काही झालं तर नाव घ्यायला एक माणूस असावा, एवढाच त्याचा अर्थ होता. तो मला त्याच दिवशी कळला होता, तुला सांगितलाही होता. तू हसलास आणि कामाला लागलास.

यंत्राबरोबर एकच गॉगल आला होता. दुसरा कुठं मिळेना. मग तू गॉगलविना डोळे वाचवायची रीत बसवलीस. झोत कमरेच्या उंचीवर, माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला कधीच नाही. झोत जिथं संपतो तिथं काजळी फासून काळी केलेली एक वीट, उरलेला झोत गिळायला. खोलीत चकाकणारं काही म्हणून न्यायचं नाही. घड्याळं, अंगठ्या, पेनं सगळी दाराबाहेरच्या लाकडी खोक्यात. अंगठी निघत नसेल तर तिथंच साबणाची वडी आणि पाण्याचं भांडं. बांगड्यांना सोलापुरी टॉवेलाच्या पट्ट्या, मनगटाला घट्ट गुंडाळायच्या. आणि यंत्र उडवायच्या आधी तू ओरडायचास, "डोळे." की सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटायचे. लोक लेसर बघायला यायचे आणि भिंत बघून जायचे. जेवायला बोलवायचं आणि ताट वाढलं की पाठमोरं बसवायचं, अशी तुझी तऱ्हा. भिंतसर हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

पडद्यासाठी पूर्व भागातल्या त्या म्हाताऱ्या विणकराकडं गेलो होतो, आठवतं? मागांच्या खडखडाटात तू घसा फोडून त्याला सांगत होतास, काळीकुट्ट पाहिजे, नक्षी नको, काठ नको. तो आपल्या तेलुगू वळणानं म्हणाला, "काळी चादर कोन पांघरते, सार? मयताला पन पांढरा लागते." तू म्हणालास, "उजेडाला पांघरायची हाय." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि, हे बरे आहेत ना, असं डोळ्यांनीच विचारलं. पण चादर मात्र अशी विणून दिली की तिच्यातून सुईएवढा उजेड येत नव्हता.

आपलं खरं भांडण या रीतीवरूनच होतं. मी म्हणायचो, तू माणसं चिडवतोस. समजावून सांगितलं की माणूस ऐकतो. तू म्हणायचास, "समजलेला माणूसच घात करतो बघ. त्याला वाटतंय आपल्याला कळलं, आता नियम कशाला." मी म्हणायचो, तू शिकवतोस का जेल चालवतोस? तू चहाचा कप बशीत पालथा घालायचास, म्हणजे विषय संपला. संपला कुठला, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. हे भांडण तू अर्धंच टाकून गेलास.

घरीही तुझं हेच. वहिनींना एकदा यंत्र दाखवायला आणलंस. दुधनीच्या देशमुखी थाटात वाढलेली बाई, कोपरापर्यंत हिरवा चुडा. दारात तू पट्ट्या पुढं केल्यास. "हे काय?" म्हणाल्या. तू म्हणालास, बांगड्या काढ, न्हाईतर हे गुंडाळ. अरे, त्या अशा काही तापल्या की कॉरिडॉरमधली पोरं पांगली. "नवरा जिता असताना बांगड्या काढू? आणि हाताला खरूज झाल्यावानी फडकी बांधून तुमचं यंत्र बघू? नको मला. जन्मात बघनार न्हाय." आणि तशाच माघारी गेल्या. मी तुला म्हटलं, बायकोपुरता तरी नियम सोड की. तू म्हणालास, "उजेडाला बायको कळती का?" रात्री तुला जेवायला वाढलं नसणार, कारण सकाळी तू माझ्या घरी भाकरी खायला आलास.

आणि मग ती खंडेनवमी आली.

यंत्रांची पूजा आपण दरवर्षीच करायचो. तुझा त्याला विरोध कधीच नव्हता. तूच तराजूंना झेंडू वाहायचास. त्या वर्षी साहेबांनी संस्थेच्या बड्या पाहुण्यांना बोलावलं, पूजेनंतर त्यांच्या हातानं बटन दाबून लेसरचा प्रयोग ठरवला. निळा फुगा पारदर्शक फुग्याच्या आत, आतला फुटणार आणि बाहेरचा शाबूत राहणार. गड्ड्याच्या जत्रेतला खेळच मांडला म्हण. तुझी एकच अट, पूजा आटपली की समई, ताम्हण, सगळं बाहेर. तेही तू स्वतःच्या हातानं बाहेर काढलंस. मग तू आणि मी दाराशी उभे राहून लोकांची घड्याळं उतरवत होतो, बायकांच्या मनगटांना पट्ट्या बांधत होतो. साहेबांची नवरत्नांची अंगठी साबणानंही निघेना, तेव्हा तू तिच्यावर पट्टी गुंडाळलीस. पाहुण्यांसमोर आपलं बोट बांधलं म्हणून साहेब तांबडेलाल झाले होते.

आपण दाराशी होतो तेवढ्यात आत साहेबांचं लक्ष विटेवर गेलं. नवमीच्या दिवशी काळी वीट, तीही पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. अशुभ दिसतं, म्हणाले. शिपायाकडून ती टेबलाखाली सारली आणि तिच्या जागी देवीचा फोटो ठेवला, काचेच्या चौकटीतला, भिंतीला जरा कलता टेकवून, झेंडूचा हार घालून. तू आत आलास तेव्हा काळी चादर ओढलेली होती, दिवा मंद केलेला होता. तू झोताची वाट सकाळीच तपासून ठेवली होतीस. त्या अंधुक उजेडात विटेच्या जागी फोटो आहे, हे कुणाच्या ध्यानात येणार?

तू ओरडलास, "डोळे." सगळे भिंतीकडं वळले. तूही वळलास, मी तुझ्या शेजारीच होतो. गॉगल पाहुण्यांना दिलेला. आणि ते शहाणे म्हणाले, "यातलं नेमकं कुठलं बटन हो?" तू त्यांना दाखवायला वळलास, डोळे उघडलेस, आणि त्यांनी तेवढ्यात ते दाबलं.

वीट असती तर तिनं तो झोत गिळला असता. काचेनं तो वर फेकला. कलती काच, सरळ तुझ्या उजव्या डोळ्यात. तू ओरडला नाहीस. नुसता म्हणालास, "दत्तू, दिवा लाव. लाल दिसतंय." दिवा तर लागलेलाच होता रे. फुगा मात्र छान फुटला होता. लोक टाळ्या वाजवत होते.

तेव्हा मी फोटो बघितला, टेबलाखाली सारलेली वीट बघितली. साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "मीच ठेवायला सांगितला होता. अशुभ दिसत होती ती वीट." घाम फुटला होता त्यांना. संध्याकाळपर्यंत तो वाळला. आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच, लेसरवाल्या मास्तरचाच हात चुकला. काहींनी तर भिंतसरला देवीनं शिक्षा केली म्हणून सांगितलं. लाज वाटत नाही लोकांना, देवीच्या नावावर काहीही खपवतात.

दवाखान्यात तू डोळ्याला पट्टी बांधून पडला होतास. मी म्हटलं, मी चौकशीत सगळं सांगतो. तू म्हणालास, "साहेब येऊन गेले." मग जे सांगितलंस ते ऐकून मला तुझाही राग आला. तू सौदा केला होतास. चूक तुझी म्हणून तू मान्य करायचं. त्या बदल्यात यंत्र विभागात राहणार, ते सुरू करायची किल्ली तुझ्या कमरेला राहणार, नियम राहणार, आणि वीट जागची हलणार नाही. मी म्हटलं, अरे मूर्खा, त्यांची चूक आणि तू कपाळाला लावून घेणार? तू म्हणालास, "खरं बोललं तर देवीच्या फोटोचं नाव निघतंय. मग यंत्र तरी फोडतील न्हाईतर खोलीला कुलूप लावतील. पोरं काय शिकतील? माझा डोळा तर गेलाय. बाकीचे तर ऱ्हाऊ देत." आणि माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. "माझ्या गळ्याची आन हाय तुला. कुनाला सांगायचं न्हाय. हिलासुद्धा न्हाय."

आम्ही खेड्यातली माणसं. फिजिक्स शिकवतो, पण गळ्याची शपथ मोडत नाही. मोडली तर ज्याचा गळा तो जातो. म्हणून वहिनी तुला माझ्यादेखत बोलायच्या, "सोताचा डोळा सांबाळता आला न्हाय आणि लोकांचे सांबाळायला निगाले," तेव्हा मी भाकरीकडं बघत बसायचो. तू मजेत चटणी मागायचास. तुझा तो मजेतला चेहरा मला आजही सहन होत नाही.

एक कबूल करतो, सौदा तू नेटानं वसूल केलास. एका डोळ्यानं तू आधीपेक्षा कडक झालास. साहेबांचे पाहुणेसुद्धा खोक्यात घड्याळ टाकल्याशिवाय आत गेले नाहीत. त्या खोलीतून शिकून गेलेली पोरं आज दोन्ही डोळ्यांनी जग बघतायत. आपल्या भांडणात तुझं खरं होतं, माणसं समजून सुधारत नाहीत. हे तुला जितेपणी बोललो नाही, कारण तू कप पालथा घालून हसला असतास.

आणि गेल्या महिन्यात अक्कलकोट रस्त्यावर उजवीकडून ट्रक आला. तू सायकलवर. शोकसभेत सगळे दैव दैव करत होते. दैव कसलं, उजवीकडचं तुला दिसतच नव्हतं. मैंदर्गीला तुमच्या लिंगायत रीतीनं तुला बसवून माती दिली, तेव्हा मूठभर माती हातात घेऊन मी हेच म्हणत होतो.

आता कालचं पुढचं ऐक. भाषणं झाल्यावर साहेब म्हणाले, आता सर्वांनी लेसर कक्षात चलावं, मल्लिनाथरावांना प्रकाशाची श्रद्धांजली द्यायची आहे. सगळे निघाले. दाराबाहेरचं खोकं कुणीतरी पायानं भिंतीकडं सारलं होतं, साबणाची वडी कोरडी ठणठणीत. घड्याळं, अंगठ्या, चष्म्याच्या सोनेरी काड्या, सगळं लखलखत आत चाललं होतं. वहिनी कॉरिडॉरमध्येच थांबल्या. मी आत शिरलो आणि बघतो तर विटेच्या जागी तू. तुझा मोठा फोटो, काचेच्या चौकटीतला, भिंतीला कलता टेकवलेला, झेंडूचा हार घातलेला. वीट टेबलाखाली.

मला खरंच ओकारी आली. माणूस चुकतो, हे मी समजू शकतो. पण तीच चूक, त्याच जागी, ज्याचा डोळा घेतला त्याच्याच फोटोनं?

साहेबांनी हात पुढं केला. "किल्ली तुमच्याकडे दिलीय ना वहिनींनी? द्या." किल्ली माझ्या खिशात होती, तुझ्या करगोट्याच्या काळ्या दोऱ्यासकट. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की शपथ सुटली. तुझ्या गळ्याची शपथ होती. मोडली तर तू मरशील, म्हणून पाळली. आता काय व्हायचं राहिलंय?

मी सांगितलं. आवाज चढवला नाही, वर्गात शिकवतो तसं सांगितलं. वीट कुठं होती, कुणी काढली, तिच्या जागी काय ठेवलं, झोत कसा वळला, दवाखान्यात काय ठरलं. दार उघडंच होतं. साहेब म्हणाले, "ही वेळ आहे का? आणि तुम्ही देवीला दोष देताय?" म्हटलं, देवीला नाही, साहेब. देवीला स्वतः होऊन तिथं बसायची हौस नव्हती. तुम्ही बसवलीत. आज ह्याला बसवलंय. ज्यांना घरी दोन डोळे न्यायचेत त्यांनी बाहेर जावं, किल्ली मी देणार नाही.

भराभर निघाले सगळे. ज्यानं तुझं नाव पाडलं होतं तो जाताना तुझ्या फोटोला नमस्कार करून गेला. इतका उबग आला की मी तोंड फिरवलं. साहेब शेवटी गेले, बघून घेतो म्हणाले. बघू देत.

मी तुझा फोटो उचलून पालथा ठेवला. वीट काढली, बाहीनं धूळ पुसली, जागेवर ठेवली. वळलो तर वहिनी दारात. तुझे वडील त्यांच्या मागं भिंतीला धरून उभे. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, सगळं ऐकलेलं होतं. त्या तुला नेहमी बोलायच्या तशाच आवाजात म्हणाल्या, "मी इतकं बोलायची, तरी गप ऱ्हायले. तुमाला सांगितलं, मला न्हाय. मी कोन होते त्यांची, भावजी?" याचं उत्तर तुझ्याकडं होतं, मल्लिनाथ.

त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याशीच थांबल्या. चपला नीट बाजूला ठेवल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढं केले. मी सवयीनं खिशात हात घातला, टॉवेलाची पट्टी काढली, एक टोक धरून पुढंही केलं. मग त्यांच्या मनगटांकडं लक्ष गेलं.

"आता चालंल न्हवं?" वहिनी म्हणाल्या. "आता दाखवा त्यांचं यंत्र."